परत आलेल्या वाट्या

आक्का,

तुमच्या तेराव्याला मी आले होते. मंगळवार पेठेतल्या आपल्या बोळात मांडव घातला होता. येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल तेच सांगत होता, की बाईमाणसानं एकटीनं एवढं हॉटेल चालवलं. तुमच्या सुनेनं, मनीषानं, एका गृहस्थांशी माझी ओळख करून दिली. "ह्या सुजाताताई. आत्तींच्या कॉम्प्युटरचं सगळं ह्यांनीच केलंय. लांबलांबनं हॉटेलवाले बघायला आलते." ते गृहस्थ म्हणाले, "व्हय, ऐकलंय की. आक्कांनी माणूस नेमका हुडकला." मी हात जोडले आणि पुढं सरकले. थांबले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि मला जे बोलायचं होतं ते तुमच्याशी होतं.

म्हणून आता लिहायला बसलेय. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. होतात तेव्हा तरी माझं लिहिलेलं कुठं वाचत होतात? कागद पुढं केला की बाजूला सारायचात. "तोंडानं सांग. कागद काय पळून जात न्हाय."

तुमच्याकडं पहिल्यांदा आले ती एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीची नोकर म्हणून. नेसरीहून बारावी करून कोल्हापुरात आलेली, मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहून डिप्लोमा केलेली. आमच्या साहेबांनी मला पाठवलं ते मालक बाई आहे म्हणून. हॉटेलांसाठीचं एक तयार सॉफ्टवेअर होतं, त्याचे चाळीस रिपोर्ट मी पाठ केले होते. तुम्ही गल्ल्यावर बसून लसूण सोलत होतात आणि मी एकेक रिपोर्ट दाखवत होते. कुठल्या टेबलावर किती, कुठल्या वारी किती, कुठला पदार्थ किती गेला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग चष्म्यावरून बघत म्हणालात,

"इकलेलं सगळं दिसतंय. त्ये मला ठावं हाय, दिवसभर हितं मीच बसतो. परत आलेलं कुठं दिसतंय?"

बारावीपर्यंत मीही आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी 'मी येतो, मी जातो' असंच बोलायचे. डिप्लोमाच्या मुलाखतीत कुणीतरी हसलं, तेव्हापासून 'मी येते' म्हणायला लागले. तुमच्या तोंडून ते 'मी बसतो' ऐकलं आणि माझी निम्मी भीती गेली. मी रद्द झालेल्या ऑर्डरींचा रिपोर्ट काढून दाखवला.

"ह्ये न्हाय गं. माणूस ताटात टाकून उठतंय त्ये. पांढरा रस्सा अर्धी वाटी तसाच ऱ्हायला. का ऱ्हायला? तुझ्या मशिनीला त्ये कळतंय का?"

"नाही."

"मग कळंल आसं कर. मग घेतो मी."

साहेब म्हणाले, तयार सॉफ्टवेअरमध्ये असलं काही बसवता येत नाही, बाईला समजावून सांग. मी समजावलं नाही. ते सॉफ्टवेअर कुठल्या फायलीत काय साठवतं ते शोधत बसले. दीड महिन्यानं त्याच्या शेजारी माझा स्वतःचा एक स्क्रीन उभा राहिला. माहिती कोण भरणार हा प्रश्न तुम्हीच सोडवलात. भांडी घासणाऱ्या शेवंतामावशींकडं बोट दाखवून म्हणालात, "कोण काय टाकून गेलं, हे सगळ्यांच्या आदी हिला कळतंय." मग मोरीजवळच्या भिंतीवर नुसते आकडे असलेला एक छोटा कीबोर्ड आपण बसवला, त्याला दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळलं. प्रत्येक कळीवर मी चित्र चिकटवलं. पांढरी वाटी, तांबडी वाटी, सुकं मटण, भाकरी, भात. अर्धी भरलेली वाटी हातात आली की शेवंतामावशी ती रिकामी करायच्या आणि कोपरानं कळ दाबायच्या.

त्याची वायर स्वयंपाकघरातून न्यावी लागणार होती. मी उंबऱ्यापाशी थांबले. तुमचे आचारी, बंडूमामा, चुलीसमोर होते. संध्याकाळचे पाच वाजले असतील, कारण तुम्ही पातेल्यातला रस्सा तळहातावर घेऊन चाखत होतात. ते तुमचं रोजचं होतं. चाखून झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "आत ये की."

"आक्का, मी कांबळे आहे."

नेसरीला लहानपणी एका घरच्या स्वयंपाकघराच्या दारातून मला हात धरून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून कुठल्याही दारात मी आधी आडनाव सांगून टाकायचे. नंतर कुणी विचारून अपमान करण्यापेक्षा ते बरं.

"मग?" तुम्ही म्हणालात. "कांबळ्यांस्नी वायर वडाय येत न्हाय व्हय?"

बंडूमामा हसले आणि पातेलं बाजूला सारून मला वाट करून दिली. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय. पण याच्या पुढचं सांगत नाही. वरच्या मजल्यावर तुमच्या घरी चहाला बोलवायचात, तेव्हा सगळ्यांना कपबशी यायची आणि मला स्टीलचा पेला. तो पेला कट्ट्याच्या कोपऱ्यात वेगळा पालथा असायचा. दोन वर्षं मी तो स्वतः विसळून ठेवला. मग एके दिवशी तुम्ही माझ्या हातात कपबशी दिलीत. तुमच्या सासूबाई तेव्हा हयात होत्या, शेजारीच बसल्या होत्या. तुम्ही त्यांच्याशी भांडलात का? की तो पेला इतकी वर्षं तुमच्याच मनानं होता आणि तुम्हीच तो काढलात? मी विचारलं नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत. तो चहा मात्र गरम होता आणि मी तो भरभर प्यायले, कुणी पुन्हा मन बदलायच्या आत.

पहिल्या स्क्रीनवर मी अठरा रकाने घातले होते. मला माझी हुशारी दाखवायची होती. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "ह्यात मी काय बघू?" मी सांगितलं, मोठ्या शहरांत याला डॅशबोर्ड म्हणतात, सगळं एका ठिकाणी. तुमचे यजमान होते तोवर मार्केट यार्डात भाजीला जाताना तुम्ही मॅटॅडोरमध्ये त्यांच्या शेजारी बसायचात. त्यावरून तुम्ही मला सुनावलंत, "गाडीत असतंय त्येच की. गाडी चालीवताना माणूस रस्त्याकडं बघतंय का काट्याकडं? काटा नुसता डोळ्याच्या कोपऱ्यात दिसाय पायजे. तीन गोष्टी ठेव. बाकीचं काढ."

मराठी अक्षरं त्या कॉम्प्युटरवर धड उमटत नव्हती, कधी चौकोन यायचे, कधी वेलांटी भलत्याच अक्षरावर जायची. मग मी स्क्रीनवर वाट्यांचीच चित्रं काढली. परत येणाऱ्या वाट्या वाढल्या की चित्रातली वाटी भरत जायची. आज, काल आणि गेल्या आठवड्यात, एवढंच. पुढं मोठमोठ्या हॉटेलांसाठी मी असे कितीतरी स्क्रीन केले, पण पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळलेला तो एकच.

आणि तो चालला. भाकरी बरीच परत येते हे आपल्याला त्यातून कळलं; दुपारी दोनपर्यंत ती गार झालेली असते, हे मग तुम्ही हात लावून बघितलंत. तुम्ही भाकरी थापणारी बाई उशिरा बोलवायला सुरुवात केलीत. दुसरे हॉटेलवाले विचारायला लागले. मी नोकरी सोडली, शिवाजी पेठेत तालमीच्या मागं एक खोली घेतली आणि दाराला स्वतःच्या नावाची पाटी लावली. नारळ तुम्ही फोडलात.

मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "कुणाच्या हातचं परत येतंय, त्ये दिसाय पायजे."

दुपारचा स्वयंपाक तेव्हा सदाशिव करायचा, तुमच्या माहेरचा. संध्याकाळचा बंडूमामांकडं, वीस वर्षांपासून. मी म्हटलं, सोपं आहे. पाळी चार वाजता बदलते. चारच्या आधी शेवंतामावशींनी कळ दाबली तर ती वाटी सदाशिवच्या नावावर, चारनंतर दाबली तर बंडूमामांच्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी ते ऑफिसात बसून केलं, फ्लॉपीवर आणलं आणि बसवून दिलं.

महिनाभरात स्क्रीनवर दिसायला लागलं, की बंडूमामांचा पांढरा रस्सा परत येतोय. सदाशिवच्या मात्र दिवसाला चार-दोन वाट्या. एवढ्या गर्दीच्या दुपारी इतक्या कमी वाट्या परत येतील असा स्वयंपाक कुणालाच जमत नसतो, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मला सुचलं ते एवढंच, की माझा स्क्रीन किती स्वच्छ उत्तर देतोय.

त्या दिवशी मी गल्ल्याजवळच होते. तुम्ही बंडूमामांना बाहेर बोलावलंत. वेटर होते, शेवंतामावशी होत्या, दोन गिऱ्हाइकंही होती.

"बंडू, तुझा हात बिघडलाय. बघ हितं, रोजचं दिसतंय."

बंडूमामांनी स्क्रीनकडं बघितलंच नाही. तुमच्याकडं बघत विचारलं, "आक्का, तुमी चाखून बघिटलासा?"

"चाखायचं काय त्यात? रोज वाट्या भरून परत यायल्यात."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्याची घडी घातली आणि ती गल्ल्याच्या कडेवर ठेवली. "येतो," म्हणाले. आपल्याला वाटलं चहाला निघालेत. दुसऱ्या दिवशी शेवंतामावशींनी सांगितलं, की ते बायकोला घेऊन गावी गेले.

तुम्ही आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाहीत. नवा आचारी ठेवलात. आणि मी स्क्रीन बघत होते, तर नव्या आचाऱ्याच्या नावावरही तेवढ्याच वाट्या. तोच पांढरा रस्सा. मग एका दुपारी साडेतीनला मी मोरीपाशी जाऊन बसले. हे मी आधी एकदाही केलं नव्हतं, आक्का. कळ मी बसवली, वायर मी ओढली, चित्रं मी चिकटवली, पण ती ताटं कधी येतात ते बघायला मी तिथं कधी बसले नव्हते.

कोपऱ्यात दुपारच्या ताटांचा ढीग होता. मी शेवंतामावशींना विचारलं, "ही अजून घासली नाहीत?"

"दुपारचा गोंधळ मोडला की मी आदी जेवतो," त्या म्हणाल्या. "मग चारला ही घेतो. पयल्यापास्नं आसंच हाय की."

दुपारच्या वाट्या चारनंतर मोजल्या जात होत्या. सदाशिवच्या हातचं जेवढं परत येत होतं, ते जवळजवळ सगळं बंडूमामांच्या नावावर पडत होतं. दिवसाची एकूण बेरीज बरोबर यायची, म्हणून नावं येईपर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं.

तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही वर घरी होतात. मी म्हणाले, "आक्का, तीन दिवसांपूर्वी माझ्या लक्षात आलं," आणि सगळं सांगितलं. तुम्ही मला मध्ये तोडलं नाहीत. ओरडाल असं वाटलं होतं, ओरडला नाहीत. खाली आलात, स्वयंपाकघरात जाऊन सदाशिवचा दुपारचा पांढरा रस्सा तळहातावर घेतलात आणि थुंकलात. तो सकाळीच नारळाचं दूध काढून ठेवायचा आणि दुपारपर्यंत त्याला वास लागायचा. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "उद्यापास्नं दूध बाराला काढायचं, माझ्या म्होरं." मग माझ्याकडं वळलात. "सकाळी पयल्या गाडीला स्टँडावर ये."

आपण गडहिंग्लजवरून जाणाऱ्या गाडीनं गेलो. पुढं नेसरी आली तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे तुझं गाव न्हवं? आईला भेटून येतीस का?" मी म्हटलं, परत येताना. बंडूमामांचं गाव तिथून दोन थांबे पुढं. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. तुम्ही चौकटीपाशी थांबला नाहीत, पाणीही घेतलं नाहीत, सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसलात.

"बंडू, चूक झाली. तुझी न्हवती. चल."

मी चूक समजावून सांगायला लागले, चार वाजले की काय व्हायचं ते. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मशिनीचं ऱ्हाऊ द्या. मशीन काल आली. आक्का, वीस वर्सं तुमी रोज चाखत आलासा. कदी खारट झालं, कदी पातळ झालं, शिव्या बी दिलासा. मला कदी राग आला न्हाय. त्या दिवशी न चाखता बोललासा. त्ये लागलं."

"व्हय," तुम्ही म्हणालात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की स्क्रीनवर नावं आल्यापासून तुम्ही संध्याकाळी पाचला स्वयंपाकघरात जाणं सोडलं होतं. वाटी चित्रात दिसत होती, तळहातावर घ्यायची गरज उरली नव्हती. हे सुख तुम्हाला मीच दिलं होतं आणि त्याचं मला कौतुकही होतं.

"मग चल आता," तुम्ही पुन्हा म्हणालात.

बंडूमामा हातातली शेंग फोडत राहिले. "पंधरवड्यामागं आला असतासा तर आलो असतो. वाट बघितलो. परवा हितल्या आश्रमशाळंत सबूद दिलोय. सोमवारपास्नं दोनशे पोरांचा सैपाक हाय."

"सबूद मोड म्हणणार न्हाय मी," तुम्ही म्हणालात आणि उठलात. त्यांच्या बायकोनं तुमच्या पदरात शेंगा घातल्या. परतीच्या वाटेवर मी नेसरीला उतरले नाही, तुम्हाला एकटीनं सोडवेना. गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "उशीर केलो गं मी. त्याच आठवड्यात जायाला पायजे होतं. रागात बसून ऱ्हायलो."

मी पर्समधले सुट्टे पैसे पुन्हा मोजत बसले.

त्यानंतर आपलं जे भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होते स्क्रीनवरची नावं काढून टाकूया. तुम्ही म्हणत होतात ठेवायची. "नाव काढलीस की चूक बिननावाची हुती. मग ती कुणाचीच न्हाय." मी म्हणायचे, "आक्का, नाव दिसलं की माणूस विचारायचं थांबतो." तुम्ही म्हणायचात, "मग इचारायला लाव." बाकीच्या हॉटेलांत मी कधीही स्क्रीनवर माणसांची नावं घातली नाहीत. मालक मागायचे, मी नाही म्हणायचे, काही जण दुसऱ्याकडं गेले. तुम्हाला हे कळलं की हसायचात. "भित्री हाईस." असेन. तुमचं बरोबर होतं की माझं, मला अजून ठरवता आलेलं नाही. आता ठरवायला समोर कुणी नाही.

तुमच्या हॉटेलात मात्र नावं राहिली. पण तुम्ही मला आणखी एक काम सांगितलंत. "ह्यो पडदा उघडायच्या आदी मशिनीला मला इचारू दे. चाखलं का? व्हय म्हटलं तर उघडायचं. न्हाय म्हटलं तर उघडायचं न्हाय." मी म्हटलं, तुम्ही न चाखता 'व्हय' दाबलंत तर कॉम्प्युटरला काय कळणार? तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंत की मी कीबोर्ड पुढं ओढला. 'चाखलं का?' हे शब्द तुमच्याच बोलीत हवे होते. मी ते कागदावर लिहून, त्याचं चित्र करून स्क्रीनवर घातले. खाली दोन चौकोन, व्हय आणि न्हाय. सदाशिव तेव्हापासून चळचळा कापायचा म्हणे तुम्ही चाखायला आलात की. पण तो चांगला आचारी झाला. तुमच्या तेराव्याचा स्वयंपाक त्यानंच केला.

मग तुमच्या गळ्याला गाठ आली. किरणं दिली, गाठ बसली, जिभेची चव गेली ती परत आली नाही. मनीषाचा फोन आला, "ताई, स्क्रीन उघडंना झालाय, बिघडला का बघा." मी आले. काही बिघडलं नव्हतं. तुम्ही रोज पाचला गल्ल्यावर येऊन बसत होतात आणि 'न्हाय' दाबत होतात. मनीषा वैतागून म्हणाली, "आत्ती, मी चाखलंय की. व्हय दाबा."

"तू चाखलीयास. मी न्हाय."

त्या दिवशी मी प्रश्नाच्या खाली मनीषाचं नाव घातलं. तुम्ही खुर्चीतून उठलात, तिला तिथं बसवलंत आणि भिंतीला धरून वर गेलात. मला वाटलं होतं तुम्हाला वाईट वाटेल. जिन्यातून तुम्ही ओरडून सांगितलंत, "मीठ आदी बघ, तिखट मागनं."

शेवटचं भेटले ते मागच्या महिन्यात. तुम्ही पडून होतात, आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तुम्ही स्वतःहूनच बंडूमामांचा विषय काढलात. "सगळं झालं बघ. त्यो एक उशीर तेवढा जिवाला लागून ऱ्हायलाय." मी सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "तुझ्याकडं काय न्हाय त्यात. तू तर लगीच सांगिटलीस."

मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली. "पडून राहा," म्हणाले. पुन्हा आठवड्यानं येते म्हणाले. तो आठवडा मिळाला नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी बंडूमामांकडं गेले. आश्रमशाळेतून ते निवृत्त झालेत, आता गावीच असतात. तुमची बातमी त्यांना कळली होती, पण गुडघ्यांमुळं येता आलं नव्हतं. त्यांनी तुमच्याबद्दल बरंच विचारलं. शेवटी जेवत होतात का, चव आली होती का. मग मी त्यांना ते सांगितलं, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मोरीपाशी मी बसले ती दुपार, बंडूमामा गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची. चूक मला त्याच दुपारी कळली होती. पण पुढच्या काही आठवड्यांत शहरातले बरेच हॉटेलवाले एकत्र जमणार होते आणि तिथं मला तुमचाच स्क्रीन दाखवायचा होता. नेसरीच्या कांबळ्यांच्या पोरीला पहिल्यांदाच कुणीतरी एवढ्या माणसांसमोर उभं करणार होतं. चूक आहे असं तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ती बाजारभर सांगितली असती. लपवणं तुम्हाला जमत नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, कार्यक्रम होऊ दे, मग सांगू. कार्यक्रम झाला, टाळ्या मिळाल्या. नावांचा रकाना दाखवला तेव्हा सगळ्यांत जास्त मिळाल्या. त्यानंतर मी तुमच्याकडं आले आणि 'तीन दिवसांपूर्वी' म्हणाले.

बंडूमामा ऐकत होते. मी रडत होते, त्यांनी रडू नको असंही म्हटलं नाही.

"मला सांगून काय हुतंय?" शेवटी ते म्हणाले. "मी त्ये तवाच सोडून दिलो. पोरं चांगली जेवली माझ्या हातची, माझं काय वाईट झालं न्हाय. आक्का मातूर उशीर झाला म्हणून सोताला लावून घेत बसली. तिला सांगायचं होतंस."

"आता कसं सांगू, मामा?"

"त्ये तुझं तू बघ. पर मला सांगून हलकी होऊन जाऊ नगंस."

त्यांच्या बायकोनं जेवायला वाढलं, मी जेवले. निघताना ते काठी टेकत चौकटीपर्यंत आले. पुन्हा ये, असं म्हणाले. मला वाटतं ते मनापासून म्हणाले.

कसं सांगू ते मला अजून कळलेलं नाही, आक्का. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तोंडानं सांग. तर आज सकाळी दार लावून, तुमचा फोटो वगैरे काही समोर न ठेवता, मी मोठ्यानं बोलून बघितलं. आवाज फुटला नाही. म्हणून हा कागद.

ते तीन दिवस नव्हते. एकवीस दिवस होते. बंडूमामा त्यातले बरेच दिवस अंगणात बसून तुमची वाट बघत होते आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, कारण मी ते ठाऊक होऊ दिलं नाही. उशीर तुम्ही केला नाहीत. तुम्हाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुम्ही निघालात.